कोपराची उंची

माझ्या कोपराची उंची जमिनीपासून ३७.५ इंच आहे. हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. ज्यांनी ती मोजली ते माझ्या नात्याचे नव्हते, भाषेचे नव्हते, देशाचेही नव्हते. मिल्वॉकीत आमच्या शेजारच्या घरात ते एकटे राहायचे. टेप घेऊन आले त्या दिवशी माझ्या डाव्या पायाला घोट्याच्या वरपर्यंत बँडेज होतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत आपलं नाव निघालेलं त्यांना कधी रुचलं नाही. मी त्यांना काका म्हणायचे. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि मग शेवटपर्यंत ते त्या हाकेला ओ देत राहिले.

आम्ही २००९ मध्ये मिल्वॉकीला आलो. मुलगी पाच वर्षांची. पुण्यात मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून आठ वर्षं प्रयोगशाळेत काढली होती, पण माझ्यासारख्या, नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेल्या बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. ती २०१५ मध्ये काही जणींना मिळाली, तोवर सहा वर्षं गेलेली. सकाळी मुलगी शाळेत गेली, नवरा कामावर गेला की घरात फ्रिजचा आवाज तेवढा राहायचा. ज्या हातांनी रोज पेट्री डिश हाताळल्या, ते हात दुपारी दोनला पुन्हा पुन्हा तोच ओटा पुसत होते.

वाचनालयात एकदा घरगुती बिअरवरचं पुस्तक हाती लागलं आणि उभ्या उभ्या चाळताना यीस्टचं प्रकरण उघडलं. सॅकरोमायसीस सेरेव्हिसी! परगावी बाजारात फिरताना आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं झालं मला. मिल्वॉकी हे तर बिअरचंच गाव. श्लिट्झ, पाब्स्ट, मिलर, ब्लाट्झ ही सगळी जर्मन घराणी तिथलीच. आणि घरी बिअर करणं अमेरिकेत कायदेशीर आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. घरी दारू गाळायला तेव्हा तिथेही बंदीच होती. हा फरक मी आईला फोनवर कितीदा समजावला असेल. गाळणं वेगळं, आंबवणं वेगळं. नाचणीला मोड आणून वाळवून सत्त्व करतो ना, तसं बार्लीला मोड आणतात, वाळवतात, भरडतात. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं शिक्षण कामाला येतंय ना? मग कर."

काम सांगायला सोपं आहे. भरडलेलं माल्ट साधारण ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचं, त्यातल्या पिष्टाची साखर होते. मग गोड पाणी खालून काढून घ्यायचं आणि वरून ७६ अंशांचं पाणी हळूहळू घालत चोथा धुऊन काढायचा. जमलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, हॉप्स घालून तासभर उकळायचं, गार करायचं, बादलीत ओतून यीस्ट घालायचं. भांडी चार. पहिलं गरम पाण्याचं, दुसरं भिजवणीचं, ज्याला मॅश टन म्हणतात, तिसरी उकळायची केटल आणि चौथी आंबवायची बादली. पुस्तकात सगळा भर तापमानावर आणि स्वच्छतेवर होता, आणि ते दोन्ही मला येत होतं. मला न आलेली गोष्ट म्हणजे वीस-पंचवीस लिटर गरम पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायचं कसं. आपल्याकडे बंबातलं पाणी बादलीने काढून नेतात तसं मी नेत होते.

ऑक्टोबर २०१०. मॅश टन वॉशिंग मशीनवर ठेवला होता आणि मी खुर्चीवर चढून त्यात १४ लिटर पाणी ओतत होते. खुर्ची सरकली. पाणी माझ्या डाव्या पायावर आलं. गॅरेजचं दार उघडं होतं म्हणून किंकाळी बाहेर गेली.

काका त्यांच्या अंगणात पानं गोळा करत होते. ७३ वर्षांचा तो माणूस कुंपणाला वळसा घालून धावत आला, आणि मला उचलून बसवायच्या आधी त्यांनी बागेची रबरी नळी पायावर सोडली. मोजा हलक्या हाताने उतरवला. मी नळी ढकलत होते, थंडीने दात वाजत होते, आणि ते घड्याळ बघून सांगत होते, अजून बारा मिनिटं, अजून नऊ. वीस मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी नळी बंद केली नाही. मग दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली धरलात म्हणून कातडी वाचली. घोट्यावर आज एक रुपयाएवढा फिकट डाग आहे, बाकी काही नाही.

आठवड्याने दार वाजलं. काका आले होते. हातात टेप, आलेख-कागदांची वही, कानावर पेन्सिल. मला म्हणाले, "उभी राहा. चप्पल काढ."

त्यांनी माझी उंची घेतली, खांद्याची, डोळ्यांची, कोपराची. हात पुढे केल्यावर बोटं कुठवर जातात ते घेतलं. मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, पुस्तकातला भांड्यांचा स्टँड सहा फुटी माणसाने सहा फुटी माणसासाठी काढलेला असतो.

आणि खरंच, वहीवर त्यांनी आकडे मांडून दाखवले. नेहमीचा स्टँड म्हणजे तीन पायऱ्या. सगळ्यात वर गरम पाणी, मध्ये मॅश टन, खाली केटल. एकातून दुसऱ्यात सगळं आपोआप उतरतं, पंप लागत नाही. पण खालून मोजत या. बादलीचा काठ १५ इंचांवर. तिच्यात उतरायचं म्हणजे केटलचा तळ २० वर हवा, काठ ३५ वर जातो. मॅश टनचा तळ ३७, काठ ५५. गरम पाण्याच्या भांड्याचा तळ ५८, काठ ७३. माझी उंची ६० इंच. गरम पाण्याच्या भांड्याचा काठ माझ्या डोक्यापेक्षा फूटभर वर, आणि आत काय चाललंय हे बघायला मला पुन्हा खुर्चीच.

मी गप्प झाले. भांड्यांमुळे नाही. पुण्याच्या भाड्याच्या घरातला ओटा, प्रयोगशाळेतलं बाक, इथला ३६ इंची काउंटर, सगळीकडे मी पायाखाली काहीतरी घेऊन उभी राहत आले होते. माहेरी आईसुद्धा पाट घेऊनच फळीवरचे डबे काढायची. आपण बुटक्या, एवढंच मला वाटत आलं होतं. ओटा उंच आहे, असं मला सांगणारे काका पहिलेच.

काका शहरातल्या एका मोठ्या ब्रुअरीत २८ वर्षं पाइपफिटर होते. एका भांड्यातलं दुसऱ्या भांड्यात नेणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. तरी कागदावर रेघ मारण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या गावी घरात पाणी कसं यायचं?"

मी गुहागर तालुक्यातली. आमच्या घरामागे डोंगरात झरा होता आणि तिथून आजोबांनी पन्हळ आणली होती. पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतला गाभा काढायचा, की अर्धगोल पन्हळ तयार. अशा पन्हळी एकीच्या तोंडात दुसरी अशा बेचक्यांवर टेकवत परसातल्या दोणीपर्यंत यायच्या. दर पावसाळ्यानंतर आजोबा त्या पुन्हा लावायचे, आणि उतार बघायला पन्हळीत एक तांदळाचा दाणा सोडायचे. तो वाटेत थांबला की तिथलं बेचकं खालीवर करायचं. मी हे सांगत होते आणि काकांनी पेन्सिल खाली ठेवली होती. तांदळाच्या दाण्याची गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, आम्ही फुटाला पाव इंच उतार देतो, तुझ्या आजोबांकडे दाणा होता, काम एकच. त्यानंतर ते माझ्याशी शिकवण्याच्या सुरात कधी बोलले नाहीत. एकाच धंद्यातल्या दोन घरांसारखं बोलत.

त्यांनी मग जे काढलं ते असं. गरम पाणी वरून काढून खाली आणलं. ते भांडं आणि केटल दोन बाजूंना, दोन्हींचे तळ २० इंचांवर, दोन्हींखाली गॅसचे बर्नर. मध्ये उंचावर एकटा मॅश टन, तळ ३६ वर. तो उंच न घेता पसरट घेतला, म्हणून काठ ४८ वर थांबला. स्टँडलाच जोडलेली एक रुंद पायरी, १० इंचांची, बाजूला धरायला दांडी. पायरीवर उभी राहिले की काठ ३८ इंचांवर. माझं कोपर ३७.५.

गरम पाणी खालून वर चढवायला एक पंप. फक्त पाण्यालाच पंप, वर्टला नाही. वर्ट चिकट, साखरेचं, पंपाच्या पोटात राहिलं तर आंबतं, आणि पंप उघडून धुणं जिवावर येतं. वर्टने आपल्या वजनाने खाली उतरावं. पंप त्यांनी टाकीच्या तोटीच्याही खाली बसवला. कारण अशा पंपाला हवा ओढता येत नाही, पाणी आपणहून त्याच्या पोटात आलं पाहिजे. त्याचं बाहेरचं तोंड वरच्या दिशेला, म्हणजे आतला बुडबुडा निघून जातो. वेग कमी करायचा तर पुढची चावी आवळायची, मागची कधीही नाही, मागून कोंडला तर पंप उपाशी फिरतो. विजेचं बटण पाण्यापासून चार फूट लांब, विजेची गळती होताच आपोआप बंद पडणाऱ्या सॉकेटवर.

हे सगळं ते बोलत करत, आणि प्रत्येक गोष्टीला कारण असे. बर्नरजवळचा सांगाडा साध्या लोखंडी अँगलचा, वरचा भाग मात्र जस्ताचा मुलामा दिलेल्या चॅनलचा. मी विचारलं, सगळा एकच का नाही? तर तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की माणूस तापाने फणफणतो, त्यांनी तरुणपणी तो ताप काढला होता. चाकं दोनच, एकाच बाजूला. उचलून ढकललं तरच हलेल, गरम पाणी वर असताना धक्क्याने सरकणार नाही. नळीला कुठे पोट सुटू द्यायचं नाही, आणि कुठलीही नळी पायाच्या वाटेत येता कामा नये. स्टँड त्यांनी वेल्ड केला नाही. वेल्डिंग हा त्यांच्या हातचा मळ होता, तरी सगळं नटबोल्टवर. चॅनलमध्ये नट सैल केला की फळी हव्या त्या उंचीला सरकते. मी म्हटलं, वेल्ड जास्त पक्कं नाही का? ते म्हणाले, "तुझ्यानंतर हे कोण वापरेल ते मला माहीत नाही."

स्टँड उभा राहिला तेव्हा त्यांनी मला पहिल्या दिवशी माल्टला हात लावू दिला नाही. थंड पाणी तीनदा फिरवायला लावलं. प्रत्येक जोडाखाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं, कारण थेंब डोळ्याला दिसत नाही, कागदावर दिसतो. तिसऱ्या फेरीला कागद कोरडा राहिला. त्या वेळी पायरीच्या शेजारच्या खांबावर त्यांनी पेन्सिलने एक आडवी रेघ मारली आणि तिच्यापुढे ३७ १/२ लिहिलं.

दुसऱ्याच खेपेला मॅश टन तुंबला. वर्ट थेंब थेंब येऊन थांबलं. मी चावी पूर्ण उघडली, त्याने आणखी घट्ट बसलं. काका आले, चावी बंद केली आणि पायरीवर टेकले. तोटीपासून केटलच्या तळापर्यंत नळी भरून वाहायला लागली की तेवढ्या उंचीचं पाणी चोथ्याला खालून ओढतं, हे त्यांनी समजावलं. जितकी घाई करशील तितका चोथा दडपतो. मोठ्या ब्रुअरीत हे टाळायला मध्ये एक उघडं भांडं ठेवतात, त्याला ग्रँट म्हणतात. आपल्याकडे तेवढी जागा नव्हती. त्यांनी तोटीला टी-आकाराचा एक जोड लावला आणि त्यातून मॅश टनला लगटून एक पारदर्शक नळी वर उभी केली, तोंड उघडं. सगळं ठीक असलं की नळीतलं पाणी आतल्या पातळीजवळ उभं असतं. चोथा दडपू लागला की नळीतली पातळी खाली येऊ लागते, चोथा बसण्याच्या कितीतरी आधी. ते दिसलं की चावी किंचित आवळायची, थांबायचं, पातळी पुन्हा वर चढते. एवढी साधी नळी, पण आतलं न दिसणारं दुखणं ती बाहेर दाखवायची. माझा हात चावीवर आणि डोळा त्या पातळीवर, अशी मी पाऊण पाऊण तास उभी राहिले आहे. त्या वर्षांत मला तेवढं निवांत दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

दुसरा उपाय त्यांनी कागदी पिशवीतून आणला. उघडून बघते तर भाताचं तूस! चोथा मोकळा राहावा म्हणून अमेरिकेतले लोक ते पौंडावर विकत घेतात. मी मूठ भरून नाकाशी नेली. गिरणीच्या मागचा ढीग, त्यावर आम्ही मारलेल्या उड्या, अंगाला सुटलेली खाज. काका बघत होते. काही विचारलं नाही त्यांनी, पिशवी तिथेच ठेवून निघून गेले.

मोजमाप का घेतलं हे त्यांनी मला वर्षभराने सांगितलं, बाटल्या भरताना. त्यांची आजी पोमेरेनियातून आलेली, पाच फुटांच्याही आतली. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात ब्रुअऱ्या माल्टचा पाक डब्यात भरून विकायच्या, आणि घरोघरी तळघरात त्याची बिअर व्हायची. बंदी उठली, पण घरच्या वाइनला मोकळीक देणाऱ्या कायद्यात घरची बिअर राहून गेली, म्हणून आजी पुढेही गुपचूपच करत राहिली. साबणाच्या लाकडी खोक्यावर उभी राहून ती पातेलं उतरवायची. काका सात वर्षांचे असताना खोकं मोडलं. आजीची उजव्या हाताची तीन बोटं त्यानंतर कधी सरळ झाली नाहीत. घरातल्या सगळ्यांनी तिला बिअर करू नकोस म्हणून सांगितलं. चुलीची उंची कमी करावी हे कुणाला सुचलं नाही. "मलाही नाही," काका म्हणाले, "आणि पुढे मी २८ वर्षं हेच काम केलं."

पैशाचं मी तीनदा काढलं. चॅनल, पंप, व्हॉल्व्ह, सगळ्यांच्या पावत्या त्यांनी फाडून टाकल्या होत्या. दर खेपेच्या दोन बाटल्या तेवढ्या घ्यायचे, आणि आईने पाठवलेली लसणाची चटणी, जी ते उकडलेल्या बटाट्यावर घालून खायचे. चटणी संपली की रिकामी बरणी धुऊन आमच्या पायरीवर ठेवलेली असे.

२०१४ पासून त्यांचे हात थरथरायला लागले. ज्या हाताने आट्यांच्या दिशेने तीन वेढे टेफ्लॉन टेप गुंडाळून जोड असा बसवला की पुन्हा बघावं लागलं नाही, त्या हातात कप राहीना. मग त्यांच्या स्वयंपाकघरात गेले मी, टेप घेऊन. ते खुर्चीत बसलेले असताना त्यांचं कोपर कुठे येतं ते मोजलं. किटली ठेवायची फळी खाली आणली आणि किटलीऐवजी तोटीचं भांडं बसवलं, म्हणजे उचलायला नको, कप खाली धरला की झालं. मी जोड आवळत होते तेव्हा त्यांनी पायाने वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. मी ते तोटीखाली पसरलं. दोघंही कागदाकडे बघत बसलो. कोरडा राहिला. एवढंच माझ्याकडून झालं, आणि त्यांनी केलं त्यापुढे ते काहीच नाही हे मला ठाऊक आहे. २०१६ च्या मार्चमध्ये ते गेले. मला त्या आधीच्या वर्षी नोकरी लागली होती, पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत. पहिल्या दिवशी बाकाची उंची बघून मी साहेबांना सरळ सांगितलं की मला हे तीन इंच खाली हवं. त्यांनी करून दिलं.

त्यानंतर आम्ही मॅडिसनला घर घेतलं. स्टँड सुटा करून नेला. नटबोल्टवर नसता तर गॅरेजच्या दारातून बाहेर निघाला नसता.

माझी मुलगी आता २१ वर्षांची आहे. तिला बिअर आवडत नाही, वासही नको असतो. ती लोकर रंगवते. मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची सालं, असल्या रंगांचं पाणी तापवायचं, एका भांड्यातून दुसऱ्यात उतरवायचं, लोकर धुवायची, पुन्हा गरम पाणी. मागच्या महिन्यात तिने विचारलं, आई, तुझा स्टँड घेऊ का? ती ६६ इंच उंच आहे. पायरीवर चढली की वाकायला लागतं तिला, पायरी काढली तर फळी उंच पडते. दोघींनी मिळून मधल्या फळीचे नट सैल केले. इतक्या वर्षांनी सुद्धा ते एका हिसक्यात फिरले. फळी तीन इंच खाली सरकवायची का पाच, यावर आमचं जमेना, म्हणून मी घरातून टेप आणली आणि तिला म्हटलं, उभी राहा, चप्पल काढ.

खांबावर काकांची रेघ पुसट झाली आहे, पण आकडा अजून वाचता येतो. तिची रेघ त्याच्या वर चार इंच आली. फळी आवळून झाल्यावर तिने स्वतःच केटलमध्ये थंड पाणी भरलं. मी रद्दीतून जुनं वर्तमानपत्र काढून आणलं.